मलिक अंबराचें शिर आणि चित्रकाराची साक्ष

डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथसंग्रहांत जहांगीर बादशहाच्या कारखान्यांतील एक लहानसें चित्र आहे. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून धनुष्य ओढीत आहे. समोर भाल्याच्या टोकावर मलिक अंबराचें तोडलेलें मस्तक लावलें आहे आणि बाण त्याच्या मुखांत शिरला आहे. हें चित्र अबुल हसन या चित्रकाराचें मानतात व त्याचा काळ इ. स. १६१६ ते १६२० यांच्या दरम्यानचा धरतात. निजामशाहीच्या उत्तरकालावरील पुस्तकांतून त्याची प्रतिकृति वारंवार छापली जाते. हात कसलेला आहे, रंगकाम नाजूक आहे, बादशहाचा चेहरा पाहतांच ओळखूं येतो. अडचण एवढीच आहे, कीं चित्रांत जें घडतांना दाखविलें आहे तें कधींहि घडलें नाहीं. मलिक अंबराचें मस्तक कोणीं तोडलें नाहीं. तो जहांगीराच्या हातीं कधीं लागलाच नाहीं. इ. स. १६२६ मध्यें, सुमारें ऐंशी वर्षांचें आयुष्य भोगून, तो आपल्या अधिकारावर असतांनाच वारला, आणि खुलदाबाद येथें त्याची कबर आजहि आहे.

अशा चित्राचें इतिहासकारानें काय करावें? आपल्याकडे या प्रश्नाचीं दोन उत्तरें प्रचारांत दिसतात. एक पक्ष म्हणतो, हें दरबारी खुशामतीचें काम आहे. प्रसंग खोटा, तेव्हां चित्रहि टाकाऊ. दुसरा पक्ष तें चित्र पुस्तकांत घालतो, खालीं नांवाची एक ओळ देतो आणि मोकळा होतो. पहिल्यानें साधन न तपासतां टाकलें, दुसऱ्यानें न तपासतां वापरलें. एखाद्या जुन्या पत्राच्या बाबतींत आपण यांपैकीं कांहींच करीत नाहीं. कागद, शाई, वळण, शिक्का, मायना आणि तारीख यांची छाननी करून मूळचा मजकूर कोणता व मागाहून घातलेला कोणता, हें आपण आधीं ठरवितों, आणि मग त्या मागाहून घातलेल्या मजकुराचाहि उपयोग करतों. कारण तो कोणीं व कां घातला हाहि इतिहासच असतो. तीच कसोटी या चित्रास लावून पाहावी, त्यांतील पाहून काढलेला भाग आणि कल्पून घातलेला भाग वेगळे करावे, आणि प्रत्येकाची साक्ष कोठपर्यंत धरावी हें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१. चित्रांत काय आहे

बादशहा ज्या गोलावर उभा आहे तो गोल एका बैलाच्या पाठीवर आहे आणि तो बैल एका माशावर उभा आहे. आकाशांतून पंख असलेलीं बालकें बादशहास शस्त्रें पुरवीत आहेत. भाल्यावरील मस्तकावर घुबड आहे, आणि भाल्याजवळ बंदूकहि दाखविली आहे. मोकळ्या जागेंत बारीक फारसी अक्षरांत स्तुतीचीं वाक्यें लिहिलीं आहेत. त्यांचा आशय असा, कीं शत्रु हा रात्रीच्या रंगाचा आहे, घुबडाच्या जातीचा आहे, आणि प्रकाश दिसतांच त्यानें जगांतून नाहींसें व्हावें. बादशहाचें नांव नूरुद्दीन, म्हणजे धर्माचा प्रकाश. तेव्हां ही कोटी कोणास उद्देशून केली आहे हें उघड आहे. हबशी पुरुषाच्या वर्णावरून केलेली ती निंदा आहे. जहांगीर आपल्या आत्मचरित्रांतहि अंबराचा उल्लेख करतांना त्याच्या काळेपणावरून शिवी दिल्यावांचून क्वचित् पुढें जातो. म्हणजे लेखणीनें जें केलें तेंच येथें कुंचल्यानें केलें आहे.

एकाच पानावर एवढ्या भिन्न जातींच्या वस्तु आल्या आहेत. बादशहाचा चेहरा, त्याच्या अंगावरील वस्त्रें व अलंकार, धनुष्याची घडण हीं सर्व चित्रकारानें रोज डोळ्यांनीं पाहिलेलीं. बैल, मासा, देवबालकें हीं कोणींच न पाहिलेलीं. आणि या दोहोंच्या मध्यें तें मस्तक: माणूस खरा, हयात असलेला, परंतु चित्रकारानें न पाहिलेला, आणि त्याची जी दशा दाखविली ती तर कोणींच न पाहिलेली. चित्राचा खरा पेंच या मधल्या वस्तूंत आहे.

२. या कारखान्याची प्रतिष्ठा

जहांगीराच्या चित्रशाळेची कीर्ति कल्पनेवर उभारलेली नव्हती. ती नजरेच्या खरेपणावर उभारलेली होती, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. इ. स. १६१२ मध्यें मुकर्रबखानानें गोव्याहून कांहीं अपूर्व पशुपक्षी आणले. त्यांत अमेरिकेंतून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेला टर्की जातीचा कोंबडा होता. बादशहानें त्याचें वर्णन स्वतः लिहिलें. त्याच्या डोक्याचा व गळ्याचा रंग घटकेघटकेस कसा पालटतो हें सरड्याची उपमा देऊन सांगितलें. आणि पुढें असें नमूद केलें, कीं आपला पणजा बाबर यानें पशूंचीं वर्णनें केलीं खरीं, परंतु त्यांचीं चित्रें काढण्याची आज्ञा चित्रकारांस दिली नाहीं, ती आपण देत आहों. उस्ताद मन्सूर याच्या हातचें मानलें जाणारें त्या पक्ष्याचें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहे. गोव्याच्या बंदरांत उतरलेल्या त्या परदेशी पक्ष्याच्या मानेवरील एकेक गांठ त्यांत मोजून घ्यावी.

इ. स. १६२१ मध्यें हबशांच्या देशाहून एक झेब्रा दरबारांत आला. त्याच्या अंगावरील पट्टे कोणी रंगविले असावे अशी लोकांस शंका आली. बादशहानें बारकाईनें तपास करविला, आणि ते पट्टे ईश्वरानेंच काढलेले आहेत अशी खात्री झाल्यावर त्या प्राण्याचेंहि चित्र मन्सूराकडून काढविलें. मरणोन्मुख माणसाच्या बाबतींतहि हीच वृत्ति दिसते. इ. स. १६१८ मध्यें अफू व मद्य यांच्या अतिरेकानें केवळ हाडांचा सांपळा उरलेला इनायतखान हा सरदार निरोप घेण्यास आला, तेव्हां बादशहास दया आली आणि विस्मयहि वाटला, आणि त्यानें चित्रकारांस त्या अवस्थेंतील त्याची तसबीर काढण्यास सांगितलें. त्या प्रसंगीं केलेलें रेखाटन बॉस्टन येथें आहे आणि त्यावरून पुरें केलेलें रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आहे. दोन्हीं शेजारीं ठेवून पाहावीं. रेखाटनांत माणूस आहे, उशा आहेत, आणि छातीच्या फासळ्या आहेत. रंगीत चित्रांत त्याच्या भोंवतीं रंग, गालिचा आणि कोनाड्यांची भिंत येते, आणि ज्याच्याकडे पाहवत नव्हतें तो दृष्टीस सुसह्य होतो. येथें देवदूत नाहीं, घुबड नाहीं. तरी रेखाटनापासून चित्रापर्यंतच्या प्रवासांत कांहीं तरी भर पडलीच. ही भर निरुपद्रवी आहे, परंतु भर पडण्याची रीत हीच आहे.

येथें एका विसंगतीकडे लक्ष वेधल्यावांचून राहवत नाहीं. हबशांच्या देशांतून आलेल्या जनावराचे पट्टे खरे कीं खोटे याची ज्या दरबारानें एवढी चौकशी केली, त्याच दरबारानें त्याच देशांतून आलेल्या माणसाच्या बाबतींत इच्छा हीच वस्तुस्थिति मानली.

३. मुख कोठून आलें

मलिक अंबर जहांगीराच्या दरबारांत कधीं हजर झाला नाहीं, आणि जहांगीर अंबराशीं लढण्यास कधीं दक्षिणेंत उतरला नाहीं. इ. स. १६१६ मध्यें अजमीर सोडून तो निघाला तो १६१७ मध्यें मांडूस येऊन राहिला. दक्षिणची मोहीम त्यानें शहाजादा खुर्रम याच्यावर सोंपविली. तेव्हां चित्रांतील मस्तकाचें मुख जर अंबराशीं मिळतें असेल, तर तें दुसऱ्या कोणाच्या तरी रेखाटनांतून अथवा वर्णनांतून आलें असलें पाहिजे.

असें मुख हातोहात जाण्याची सोय त्या काळच्या कारखान्यांत होती. मूळ रेखाटनावर हरणाचें पातळ, पारदर्शक कातडें ठेवून रेषा उतरून घेत. तिला चरबा म्हणत. त्या रेषांवर सुईनें बारीक भोकें पाडून कोळशाची पूड झाडली, कीं खालच्या कागदावर ठिपक्यांचा खाका उमटे. एकदां समक्ष काढलेला चेहरा अशा रीतीनें दहा ठिकाणीं, दहा प्रसंगांत वापरतां येई. एकचष्मी, म्हणजे एका बाजूनें दिसणारा चेहरा काढण्याची रूढि या कामास फार सोयीची पडे. दरबारांत उभा असलेला सरदार, शिकारींत दिसणारा सरदार आणि मरून पडलेला सरदार हे तिघे एकाच खाक्यांतून निघूं शकत.

अंबराच्या मोगली तसबिरी उपलब्ध आहेत. हाशिम या चित्रकाराच्या नांवावर असलेली एक लंडनच्या उपर्युक्त संग्रहालयांत आहे. पांढऱ्या जाम्यांतील, वयस्क, भारदस्त असा हा पुरुष आहे; मुद्रा गंभीर आहे. त्या तसबिरींत उपहासाची एकहि रेषा नाहीं. मोगलांच्याच पदरच्या चित्रकारानें शत्रूच्या सेनापतीस त्याच्या योग्यतेप्रमाणें उभें केलें आहे. ही तसबीर आणि डब्लिनचें चित्र एकाच राज्यांत, फार तर थोड्या वर्षांच्या अंतरानें, निर्माण झालीं. त्यांतील एक माणूस पाहावा म्हणून काढलें आहे. दुसरें माणूस नसावा म्हणून काढलें आहे. अंबराचें रूप कसें होतें हें ज्यास जाणावयाचें असेल त्यानें पहिल्याकडे जावें. दुसऱ्यांतील मुख कितीहि रेखीव वाटलें तरी तें उसनें आहे, हें विसरूं नये.

४. कल्पितांची वंशावळ

कल्पून घातलेला भाग म्हणजे चित्रकाराच्या मनांतून अचानक उठलेली लहर, असा एक समज आहे. तो या चित्रापुरता तरी टिकत नाहीं. यांतील प्रत्येक कल्पिताचें कुळ सांगतां येतें.

पृथ्वी बैलाच्या आधारावर व बैल माशाच्या आधारावर आहे ही विश्वरचना अरबी व फारसी ग्रंथांतून पूर्वापार चालत आलेली आहे. पृथ्वीचा गोल मात्र यूरोपियन भूगोलाकडून आला. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा इ. स. १६१५ पासून १६१८ पर्यंत बादशहाच्या दरबाराशीं होता, आणि त्यानें मर्केटर याचा नकाशासंग्रह बादशहास नजर केला होता. तो बादशहानें पुढें परत केला. पंख असलेलीं बालकें ख्रिस्ती मुद्राचित्रांतून आलीं. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री इ. स. १५८० मध्यें अकबराकडे फत्तेपूर शिक्री येथें पोंचले तेव्हां त्यांनीं अँटवर्पचें अनेकभाषी बायबल भेट दिलें. त्यांतील ठशांचीं चित्रें मोगल चित्रकारांनीं आवडीनें अभ्यासिलीं व उतरून घेतलीं. म्हणजे देवदूत कोणीं पाहिले नव्हते, पण देवदूतांचीं चित्रें समोर ठेवून काढलीं होतीं. पाहून काढण्याची संवय कल्पितांतहि सुटलेली नाहीं.

घुबडाची गोष्ट याहून मनोरंजक आहे. ओसाड जागीं राहणारें तें पांखरू फारसी काव्यांत अपशकुनाचें व उजाडपणाचें चिन्ह आहे, आणि आपल्याकडेहि त्याची कीर्ति फारशी निराळी नाहीं. परंतु आत्मचरित्रांत जहांगीरानें एका रात्रीची हकीकत दिली आहे. महालाच्या माथ्यावर घुबड येऊन बसलें. अंधारांत तें नीट दिसतहि नव्हतें. बादशहानें बंदूक मागविली, अंदाजानें नेम धरला, आणि गोळी लागून त्या पक्ष्याच्या चिंधड्या झाल्या. चित्रांत घुबड आहे आणि जवळ बंदूकहि आहे. या दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह अभ्यासकास होतो, आणि तो निराधार म्हणतां येत नाहीं. खरा संबंध असल्यास असें म्हणावें लागेल, कीं घुबड मारल्याचा एक खरा पराक्रम होता. अंबरास मारल्याचा पराक्रम नव्हता. म्हणून पहिल्याच्या बळावर दुसरा उभा केला.

कल्पनेची ही घडण पाहिली म्हणजे तिच्याविषयीं नुसता तिरस्कार वाटेनासा होतो. ती कागदपत्रांप्रमाणेंच वाचतां येते. गोल कोणत्या काळीं आला, देवबालकें कोणत्या मार्गानें आलीं, हें ठरवितां येतें, आणि त्यावरून गोव्याचे पाद्री, सुरतेचे इंग्रज व आग्र्याचा कारखाना यांच्यामधील देवघेवीचा माग लागतो. इतिहासास एवढा लाभ या बैल-माशांच्या पानावरून होतो, हें कांहीं थोडें नाहीं.

५. इच्छा आणि वस्तुस्थिति

आतां चित्रांतील प्रसंग इतिहासाशीं ताडून पाहूं. अंबर हा हबशांच्या देशांतला, म्हणजे आजच्या इथिओपियाकडील. गुलाम म्हणून विकला जाऊन तो दक्षिणेंत निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याच्या पदरीं आला. इ. स. १६०० मध्यें अहमदनगरचा (आजच्या अहिल्यानगरचा) किल्ला मोगलांनीं घेतल्यावर त्यानें दुसऱ्या मुर्तजा निजामशहास परांड्यास गादीवर बसवून बुडालेलें राज्य पुन्हां उभें केलें. मराठे स्वार हाताशीं धरून गनिमी काव्यानें त्यानें मोगलांच्या फौजा जेरीस आणल्या. त्यानें बांधलेल्या जमीन महसुलाच्या धाऱ्याची आठवण महाराष्ट्रांत पुढें दीर्घकाळ राहिली. इ. स. १६१६ मध्यें रोषणगांवच्या लढाईंत तो हरला आणि मोगलांनीं त्याची राजधानी खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद व सध्यांचें छत्रपति संभाजीनगर, जाळली. या चित्राचा काळ बहुधा याच विजयाच्या आगेंमागें पडतो. १६१७ मध्यें खुर्रमाशीं तह झाला व त्या यशाबद्दल खुर्रमास शहाजहान हा किताब मिळाला.

येथवर पाहिलें तर चित्र म्हणजे जरा फुगवून सांगितलेला विजय असें वाटेल. परंतु पुढें काय झालें? तह मोडला, युद्ध पुन्हां पेटलें, १६२१ मध्यें दुसरा तह झाला, आणि १६२४ मध्यें भातवडीच्या रणांत अंबरानें मोगल व विजापूरकर यांच्या एकत्र फौजांचा मोड केला. शहाजी राजे या लढाईंत निजामशाहीच्या बाजूनें लढले. चित्र पुरें झाल्यावर कित्येक वर्षांनीं ज्यानें हा पराक्रम केला, त्याचें मस्तक कारखान्याच्या कागदावर आधींच भाल्याला लागलेलें होतें. भातवडीनंतर दोन वर्षांनीं अंबर वारला, आणि त्यानंतर पुढच्याच वर्षीं, १६२७ मध्यें, जहांगीरहि गेला.

अंबराच्या मृत्यूची नोंद करतांना जहांगीराचाच दरबारी इतिहासकार मोतमिदखान यानें आपल्या इक्बालनाम्यांत काय म्हटलें आहे तें या संदर्भांत विसरतां येणार नाहीं. युद्ध, सेनापतित्व, विवेक आणि राज्यकारभार यांत त्यास तोड नव्हती, तो अखेरपर्यंत सन्मानानें राहिला, आणि हबशी गुलामानें एवढी थोरवी मिळविल्याचें दुसरें उदाहरण इतिहासांत नाहीं, असा त्याचा आशय आहे. धनी व शत्रु यांपैकीं कोणाचीहि भीड न धरतां लेखणीनें अखेर न्याय केला. कुंचल्यास ती संधि मिळाली नाहीं. तो धन्याच्या इच्छेनें आधींच बांधला गेला होता.

अबुल हसनाचें दुसरें एक प्रसिद्ध चित्र वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयांत आहे. त्यांत जहांगीर इराणच्या शाह अब्बासास आलिंगन देत आहे. पायाखालीं पृथ्वीगोल आहे. बादशहाच्या पायाशीं सिंह व शाहाच्या पायाशीं मेंढी आहे. हे दोघे राजे आयुष्यांत कधीं भेटले नाहींत. शाहाचें हुबेहूब रूप आणण्यासाठीं जहांगीरानें बिशनदास या चित्रकारास १६१३ मध्यें आपला वकील खान आलम याच्याबरोबर इराणांत धाडलें होतें, आणि तो परतल्यावर त्याच्या कामावर खूष होऊन हत्ती बक्षीस दिला. एका बाजूस चेहऱ्याच्या सत्यतेसाठीं एवढा खटाटोप, दुसऱ्या बाजूस भेट मात्र सर्वस्वीं कल्पित. पण येथें एक प्रामाणिकपणा आहे: हा प्रसंग बादशहास स्वप्नांत दिसला असें चित्रावरच लिहून ठेवलें आहे. पुढें १६२२ मध्यें याच शाहानें कंदाहार मोगलांकडून घेतलें. स्वप्नांतील मेंढी जागेपणीं मेंढी राहिली नाहीं.

दोन्हीं चित्रें एकत्र वाचलीं म्हणजे अर्थ उलगडतो. ज्यास जिंकतां आलें नाहीं त्यास जहांगीराच्या कारखान्यानें एक तर मारलें, नाहीं तर मिठींत घेऊन लहान केलें. ज्या शत्रूचा खरोखरच निकाल लागला आहे त्याच्यासाठीं बैल, मासा, देवदूत आणि घुबड एवढा लवाजमा लागत नाहीं. म्हणून हें चित्र अंबराच्या मृत्यूविषयीं कांहींच सांगत नसलें, तरी त्याच्या सामर्थ्याविषयीं पुष्कळ सांगतें. मोगली बखरींतील कोणत्याहि स्तुतिवाक्याहून ही निंदा त्याची मोठी सनद आहे.

६. पुण्याचा दरबार

येथपर्यंतचें विवेचन ऐकून कोणी म्हणेल, देवदूत आणि मासे असलेलें चित्र कोणता इतिहासकार खरें मानणार आहे? एवढा घोळ कशास? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचें उत्तर आपल्या घराजवळच आहे.

इ. स. १७९० मध्यें टिपूविरुद्ध झालेल्या तहाच्या प्रसंगीं इंग्रजांचा पुण्यांतील वकील सर चार्ल्स मॅलेट हा सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारीं गेला. त्या दरबाराचें भव्य तैलचित्र टॉमस डॅनियल यानें इ. स. १८०५ मध्यें विलायतेंत पुरें केलें. तें सध्यां लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचें आहे. पेशवे, नाना फडणीस, मानकरी, इंग्रज पाहुणे, खांब, महिरपी, सर्व कांहीं यथास्थित आहे. घुबड नाहीं, गोल नाहीं, आकाशांतून कोणी उतरत नाहीं. पाहणाऱ्यास वाटावें, चित्रकार कोपऱ्यांत बसून दरबार रेखाटीत होता.

वस्तुतः त्या दिवशीं डॅनियल पुण्यांत नव्हता. ज्याच्या रेखाटनांवरून त्यानें हें चित्र जुळविलें तो स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स मुंबईस उतरला तोच मुळीं १७९१ मध्यें; त्यानें पुण्यांत पेशव्यांचीं व नानांचीं चित्रें काढलीं तीं १७९२ च्या सुमारास व पुढें. १७९० मध्यें पेशवे सोळा वर्षांचे होते. वेल्सानें पाहिले ते अठरा वर्षांचे. वेल्स १७९५ मध्यें वारला, त्याच वर्षीं सवाई माधवराव गेले, १८०० मध्यें नानाहि गेले. मॅलेटनें १७९९ मध्यें वेल्सच्या मुलीशीं विवाह केला होता, आणि चित्र त्याच्याच सांगण्यावरून झालें. अर्थात् पंधरा वर्षांपूर्वींचा प्रसंग, तो न पाहिलेल्या दुसऱ्याच्या टिपणांवरून, तो न पाहिलेल्या तिसऱ्यानें, ज्याचा गौरव व्हावयाचा त्याच्या इच्छेप्रमाणें रंगविला. चेहरे खरे आहेत, पोषाख खरे आहेत, आणि वेल्सच्या हाताखालीं गंगाराम तांबट यांच्यासारखा पुण्याचाच कसबी चित्रकार काम करीत होता, तेव्हां तपशिलाची तयारीहि खरी आहे. कल्पित आहे ती मांडणी: कोण कोठें बसला, कोण कोणाकडे पाहत आहे, कोणास उजेड मिळाला आणि कोण सांवलींत गेला. शनिवारवाडा १८२८ मध्यें जळाला. त्याच्या अंतर्भागाची कल्पना करतांना आपण आज या चित्राकडे वळतों. तें वळणें गैर नाहीं. परंतु चित्रांतील आसनक्रमावरून दरबारांतील मानपान ठरवूं लागलों, तर तो पेशव्यांचा दरबार नसून मॅलेटच्या आठवणींतला दरबार असेल.

अबुल हसनाचें कल्पित डोळ्यांत भरतें, म्हणून तें सावध करतें. डॅनियलचें कल्पित खऱ्यासारखें वागतें, म्हणून तें फसवितें. माशावर उभा असलेला बैल ही एका अर्थीं चित्रकाराची प्रामाणिक कबुलीच आहे: येथून पुढें मीं पाहिलेलें नाहीं. पुण्याच्या चित्रांत अशी कबुली कोठेंच नाहीं, आणि म्हणून तेथें अभ्यासकाची जबाबदारी कमी होत नसून दुप्पट होते.

७. समारोप

एके काळीं श्रीशिवछत्रपतींचें म्हणून भलत्याच पुरुषाचें चित्र आपल्या पुस्तकांतून छापलें जात होतें, आणि वा. सी. बेंद्रे यांनीं तें उघडकीस आणून अस्सल चित्राकडे लक्ष वेधलें. ती चूक नांवाची होती. नांव बरोबर असूनहि प्रसंग खोटा असूं शकतो, आणि प्रसंग खरा असूनहि मांडणी कल्पित असूं शकते, हें वरील दोन उदाहरणांवरून दिसून येईल. याकरितां ऐतिहासिक चित्र छापणारानें चार प्रश्नांचीं उत्तरें चित्राखालींच द्यावीं अशी सूचना आहे. चेहरा कोणीं समक्ष पाहिला? तो चित्रकाराच्या हातीं कोणत्या मार्गानें आला? प्रसंग कोणीं पाहिला, किंवा पाहिलाच नाहीं? आणि चित्र कोणाच्या खर्चानें व कोणाच्या समाधानासाठीं झालें? उत्तर मिळत नसेल तेथें जागा कोरी सोडावी. ती कोरी जागाहि वाचकास उपयोगी पडते.

ही सूचना केवळ पांडित्याच्या हौसेची नाहीं. शाळेंतील मूल पुस्तकांतील दहा पानें विसरतें, परंतु चित्र विसरत नाहीं. भाल्यावरचें शिर त्यानें एकदां पाहिलें आणि खालीं कांहीं लिहिलेलें नसलें, तर मलिक अंबर जहांगीराच्या हातून मारला गेला असेंच तें जन्मभर समजणार. ज्या पुरुषास साऱ्या मोगली सैन्यास आयुष्यभर मारतां आलें नाहीं, त्यास आपल्या निष्काळजीपणामुळें रोज नव्यानें मारण्याचें पाप आपण कां घ्यावें? खुलदाबादची त्याची कबर अजून जागेवर आहे. चित्र छापतांना शेजारीं त्या कबरीचें एक साधें छायाचित्र छापलें, तर एवढी मोठी टीका लिहिण्याचेंहि कारण उरणार नाहीं.